सांधा आणि पीळ : शर्करासाखळ्यांच्या त्रिमितीय रचनेविषयी

कापसाच्या बोंडातला धागा आणि ज्वारीच्या दाण्यातले पीठ यांचे शेवटपर्यंत विघटन केले, तर दोन्हींतून एकच पदार्थ हाती येतो : ग्लुकोज. धागा जवळजवळ सगळा सेल्युलोजचा, पीठ मुख्यतः स्टार्चचे. सेल्युलोजमध्ये ग्लुकोजचे हजारो रेणू एकापुढे एक जोडलेले असतात, आणि स्टार्चमध्येही तसेच. जोडही सारखाच : एका रेणूचा पहिला कार्बन, पुढच्या रेणूचा चौथा कार्बन आणि मध्ये ऑक्सिजनचा एक अणू. तरीही एकाचे कापड होते. ते शेकडो वेळा धुतले तरी पाण्यात विरघळत नाही आणि माणसाच्या आतड्यातले कोणतेही पाचकद्रव्य त्याला शिवू शकत नाही. दुसऱ्याची भाकरी होते आणि तिचे पचन तोंडातल्या लाळेपासूनच सुरू होते. घटक तोच, जोडाची जागा तीच, मग एवढे अंतर पडते कशामुळे? पहिल्या कार्बनवरचा तो ऑक्सिजन कोणत्या दिशेला वळला आहे, एवढ्या एका गोष्टीमुळे. सेल्युलोजमध्ये तो बीटा दिशेला असतो, स्टार्चमध्ये अल्फा. या एका वळणातून साखळीचा आकार ठरतो आणि आकारातून तिचे वागणे. शर्करासाखळ्या समजून घ्यायच्या तर त्या कशाच्या बनल्या आहेत हे विचारून भागत नाही, त्या कशा सांधल्या आहेत हे विचारावे लागते, असे माझे म्हणणे आहे आणि पुढील प्रकरणांची मांडणी त्याच धोरणाने केली आहे. शाळेच्या पुस्तकात कर्बोदके म्हणजे ऊर्जा आणि चोथा एवढ्यावर विषय मिटतो. प्रथिनांच्या घड्या आणि डीएनएचा पीळ यांची चित्रे मात्र मुलांना तोंडपाठ असतात. हा पंक्तिप्रपंच मला अन्यायाचा वाटतो, आणि तो अन्यायाचा का आहे हे पुराव्यानिशी सांगणे हेच या प्रस्तावनेचे काम.

आधी भूमिती पाहू. ग्लुकोजचे सहा अणूंचे कडे सपाट नसते. खुर्चीसारखे किंचित मुडपलेले आणि बरेच ताठ असते. साखळीची लवचीकता कड्यांत जवळजवळ नसतेच, ती दोन कड्यांमधल्या सांध्यात असते. बीटा सांध्यात कड्याच्या दोन्ही टोकांचे बंध कड्याच्याच पातळीत, परस्परविरुद्ध दिशांना बाहेर पडतात. त्यामुळे प्रत्येक ग्लुकोज आधीच्याच्या मानाने जवळपास अर्धा फेरा उलटा बसतो आणि साखळी सरळ, चपट्या फितीसारखी पुढे जाते. दर दोन ग्लुकोजमागे, म्हणजे सुमारे 1.03 नॅनोमीटर अंतरावर, तीच रचना पुन्हा येते. शेजारच्या कड्यांमधले हायड्रोजन बंध ही फीत आणखी ताठ करतात. अशा फिती एकमेकींशेजारी आणि एकमेकींवर घट्ट बसतात, पाण्याला मध्ये शिरायला वाव उरत नाही, आणि झाडाच्या पेशीभित्तीला लागणारे बळ तयार होते. अल्फा सांध्यात यातला एक बंध कड्याच्या पातळीशी काटकोनाच्या जवळपास वळलेला असतो, म्हणून प्रत्येक पाऊल थोडे कलते आणि ते कलणे साचत जाते. जिन्याची प्रत्येक पायरी आयताकृती असेल तर जिना सरळ वर चढतो. तीच पायरी एका बाजूला निमुळती केली तर कोणीही वेगळा आराखडा न काढता जिना आपोआप गोल फिरतो. अल्फा साखळीचे नेमके हेच होते. पिळाची आज्ञा कोठूनही बाहेरून येत नाही, ती प्रत्येक सांध्यात थोडीथोडी असते.

ही गोष्ट विज्ञानाला किती लवकर कळली होती, याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. आयोडिनचा थेंब स्टार्चवर पडला की गडद निळा रंग येतो हे फ्रान्समधल्या कोलिन आणि गोल्तिए द क्लोब्री यांनी 1814 मध्ये नोंदवले. शाळेच्या प्रयोगशाळेत आजही भाताच्या पेजेवर किंवा बटाट्याच्या फोडीवर हाच प्रयोग होतो. निळा रंग का येतो हे मात्र सव्वाशे वर्षे कोडेच होते. 1930च्या दशकाच्या अखेरीस हेन्स आणि फ्रॉयडेनबर्ग यांनी असे सुचवले की स्टार्चमधली बिनफांद्यांची साखळी, म्हणजे अ‍ॅमायलोज, मळसूत्रासारखी वळलेली असावी आणि आयोडिन तिच्या पोकळीत शिरत असावे. 1943 मध्ये रंडल आणि फ्रेंच यांनी क्ष-किरणांच्या आधारे हे दाखवून दिले : दर फेऱ्याला सहा ग्लुकोज, आणि मधल्या नळीत आयोडिनची ओळ. पॉलिंग यांचे प्रथिनांतले अल्फा मळसूत्र 1951चे, वॉटसन आणि क्रिक यांचे डीएनएचे प्रारूप 1953चे. जीवसृष्टीतल्या महारेणूंच्या मळसूत्रांची चर्चा निघाली की साखरेचे नाव शेवटी येते, पण कालक्रमाने पाहिले तर ते आधी यायला हवे. आणि या नळीचा आतला भाग तेलाशी जमवून घेणारा आहे. म्हणूनच मेदाम्लांचे लांब रेणूही तिच्यात जाऊन बसतात. पाव लवकर शिळा होऊ नये म्हणून बेकरीत मोनोग्लिसराइड घालतात, त्यामागे हेच कारण आहे. साखळीच्या या पिळाला पुष्टी देणारी आणखी एक गोष्ट निसर्गात मिळते. काही जिवाणूंची विकरे अ‍ॅमायलोजच्या साखळीचा तुकडा तोडून त्याची दोन्ही टोके एकमेकांना जोडतात आणि सहा, सात किंवा आठ ग्लुकोजचे कडे तयार करतात. 1891 मध्ये व्हिलिए यांना सापडलेली हीच सायक्लोडेक्स्ट्रिन. मळसूत्राचा एक फेरा जागच्या जागी मिटवला तर जे हाती येईल, तेच हे कडे. साखळीचा वाक आधीपासून तिच्या सांध्यात नसता, तर इतकी लहान कडी ताणाशिवाय मिटलीच नसती.

स्टार्चचा बहुतेक भाग मात्र अ‍ॅमायलोजचा नसून अ‍ॅमायलोपेक्टिनचा असतो, आणि तो फांद्या फुटलेला असतो. सरासरी वीस-पंचवीस ग्लुकोजमागे एक फांदी, पण या फांद्या साखळीभर सारख्या विखुरलेल्या नसतात. त्यांचे झुपके असतात. एका झुपक्यातल्या शेजारशेजारच्या फांद्या दोन-दोन करून एकमेकींभोवती गुंडाळल्या जातात आणि डावा पीळ असलेली दुपेडी मळसूत्रे बनवतात. ती मळसूत्रे शेजारी शेजारी रचली जाऊन स्फटिक होतात, फांद्यांचे सांधे असलेला विस्कळित भाग मध्ये राहतो, पुन्हा स्फटिकाचा थर येतो. थरांच्या या जोडीची जाडी सुमारे 9 नॅनोमीटर असते आणि तांदूळ, मका, बटाटा अशा परस्परांशी काही संबंध नसलेल्या वनस्पतींत ती आश्चर्यकारक रीतीने सारखी आढळते. दुपेडी पीळ टिकण्यासाठी किमान लांबी लागते. सुमारे दहा ग्लुकोजपेक्षा आखूड साखळ्या एकट्याने असे स्फटिक बनवत नाहीत. आता प्राण्यांच्या यकृतातले ग्लायकोजेन पाहा. घटक तोच, सांधे तेच, पण फांद्या दाट आणि आखूड, त्यामुळे नीटनेटके स्फटिक होत नाहीत. ग्लायकोजेन पाण्यात राहते आणि धावताना स्नायूंना लागेल तेव्हा चटकन सुटे होते. स्टार्चचा घट्ट कण बीज रुजेपर्यंत महिनोन्‌महिने शांत बसतो. वनस्पतीकडेही ग्लायकोजेनसारखी साठवण होऊ शकते याचा पुरावा स्वीटकॉर्नच्या दाण्यात आहे. पारंपरिक स्वीटकॉर्नमध्ये चुकीच्या जागी फुटलेल्या फांद्या छाटणारे विकर एका जनुकीय बदलामुळे नीट काम करत नाही. मग स्टार्चऐवजी पाण्यात विरघळणारे फायटोग्लायकोजेन साचते, आणि वाळला की तो दाणा सुरकुततो. एक छाटणी चुकली की साखळ्यांना पीळ घालायला जागा मिळत नाही, आणि धान्याचे रूपच बदलते. सांध्यांची मांडणी हीच रचनेची किल्ली आहे, हे म्हणणे याहून स्पष्ट पुराव्याने मांडता येईल असे मला वाटत नाही.

स्वयंपाकघरातही रोज हाच पीळ उलगडत आणि पुन्हा घातला जात असतो. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नसते, म्हणून भाकरीचे पीठ आधणाच्या पाण्याने मळतात. साधारण 60 ते 75 अंश तापमानाला स्टार्चच्या कणातली दुपेडी मळसूत्रे सुटतात, कण पाणी पिऊन फुगतात, काही अ‍ॅमायलोज बाहेर झिरपते आणि तेच पिठाला चिकटपणा देते. मोदकाची उकड काढताना तांदळाच्या पिठाचेही हेच होते. भाकरी थंड झाली की उलटा प्रवास सुरू होतो. सुट्या झालेल्या अ‍ॅमायलोजच्या साखळ्या काही तासांतच पुन्हा जोड्या बांधू लागतात, अ‍ॅमायलोपेक्टिनच्या फांद्या अधिक सावकाश, आणि दुसऱ्या दिवशी ती भाकरी वाकवली तर मोडते. वाफ दिली की ती थोडा वेळ मऊ होते, कारण अ‍ॅमायलोपेक्टिनचे नवे स्फटिक तेवढ्या उष्णतेला वितळतात. अ‍ॅमायलोजचे मात्र पाणी उकळण्याच्या तापमानालाही दाद देत नाहीत. या घट्ट झालेल्या जोड्यांत पाचकद्रव्यांना शिरकाव नसतो, त्यामुळे थंड केलेल्या स्टार्चचा काही भाग लहान आतड्यात न पचता पुढे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत पोहोचतो. भाकरी शिळी होणे म्हणजे ती निव्वळ वाळणे, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो. ओलावा बाहेर जाऊ न देताही ती शिळी होते, कारण आतली रचना बदलते.

सांध्याखेरीज आणखी एक गोष्ट साखळीचा स्वभाव बदलू शकते : कण्याला लगटलेल्या लहान शर्करा. चिंचोक्याच्या पिठातले झायलोग्लुकन हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचा कणा तंतोतंत सेल्युलोजचा, तोच बीटा सांधा, तीच चपटी फीत. पण कण्यावर ठिकठिकाणी झायलोजचे आणि काही ठिकाणी त्यापुढे गॅलॅक्टोजचे रेणू बसलेले असतात आणि ते फितींना एकमेकींवर नीट बसू देत नाहीत. म्हणून सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही आणि चिंचोक्याची खळ होते. घोंगडीला ती खळ देतात तेव्हा ती लोकरीवर पातळ थर धरते आणि वाळून तिला कडकपणा आणते. गवारीच्या बियांतला गवार गम याच तत्त्वावर चालतो. चायनाग्रासची, म्हणजे अगरची, गोष्ट वेगळी आहे. तिथे साखळ्यांना दुपेडी पीळ पडतो आणि त्या पिळांच्या जुड्या बांधल्या जातात. जुड्या बांधल्या जाण्याचे तापमान आणि त्या सुटण्याचे तापमान यांत मोठे अंतर आहे : अगरचे द्रावण 35-40 अंशांच्या आसपास गोठते, पण गोठलेले अगर वितळायला 85 अंशांच्या जवळ जावे लागते. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्यासाठी जिलेटिन वापरत, ते 37 अंशांना वितळे. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी स्वयंपाकातले अगर सुचवले आणि जिवाणुशास्त्राला टिकाऊ पाया मिळाला. संसर्गाच्या निदानासाठी आजही जगभर जिवाणू ज्या पृष्ठभागावर वाढवले जातात, तो साखरेच्या पिळांनी बांधलेला आहे.

या क्षेत्राचा पाया घालण्यात भारतीयांचा वाटा मोठा आहे आणि तो ठळकपणे सांगायला हवा. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये प्रथिनांसाठी असा नकाशा काढला, की ज्यावरून साखळीच्या प्रत्येक सांध्याला कोणती वळणे शक्य आहेत आणि कोणती अणूंच्या टकरीमुळे अशक्य, हे एका दृष्टिक्षेपात कळावे. तो नकाशा जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्याच दशकात रामचंद्रन, व्ही. एस. आर. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत शर्करासाखळ्यांना लावली आणि पुढे राव यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ती परंपरा वाढवली. शर्करासाखळीतही दोन कड्यांमधल्या सांध्याला दोनच मुख्य वळणे असतात. ती दोन कोनांत मोजता येतात. आणि बहुतेक कोन अणूंच्या गर्दीमुळे बाद होतात. उरलेल्या छोट्याशा प्रदेशातली एक जागा निवडून तीच पुन्हा पुन्हा वापरली, की मळसूत्र आपोआप तयार होते. बीटा सांधा पहिला आणि तिसरा कार्बन यांच्यात असला, तर तेच गणित रुंद वाक देते आणि यीस्टच्या पेशीभित्तीत किंवा काही अळिंब्यांत आढळणाऱ्या अशा साखळ्या तिपेडी मळसूत्रे बनवतात. पुढे बऱ्याच प्रकरणांत जी कोनांची चित्रे येतील, ती या परंपरेची आहेत.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. मळसूत्रांचे पुरावे बव्हंशी ताणलेल्या, सुकवलेल्या तंतूंवर क्ष-किरण सोडून मिळाले आहेत. पाण्यात असताना साखळी अशीच असते कशावरून? आक्षेप रास्त आहे. द्रावणातले अ‍ॅमायलोज मोठ्या प्रमाणात विस्कळितच असते, आयोडिन किंवा मेदाम्ल भेटले की मगच ते नीट नळीचा आकार घेते. पण आक्षेपाची व्याप्ती मर्यादित आहे. स्टार्चचा ओला, कच्चा कण ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यावर काळी फुली दिसते. म्हणजे आतल्या रेणूंची रांग कोणीही ताण न देता, झाडातच लागलेली असते. समुद्री शेवाळातल्या कॅरॅगीननवर ब्रिटनमध्ये डेव्हिड रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग तर द्रावणातच झाले. थंड करत नेले की एका ठराविक तापमानाच्या आसपास द्रावणाची प्रकाश फिरवण्याची क्षमता झपाट्याने बदलते, आणि गरम केले की पूर्वपदावर येते. विस्कळित अवस्थेतून क्रमबद्ध अवस्थेत जाण्याची ही स्पष्ट खूण आहे. ती अवस्था दुपेडी की एकपेडी यावर पुढे बराच वाद झाला, पण पीळ पडतो की नाही हा त्या वादाचा विषय नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. प्रथिनाचा क्रम जनुकात लिहिलेला असतो, एका प्रथिनाच्या सगळ्या प्रती सारख्या असतात, म्हणून त्यांना एक निश्चित घडी असते. शर्करासाखळीला असा साचा नसतो. विकरे हजर असतील त्याप्रमाणे ती घडते, दोन प्रती सारख्या असतीलच असे नाही, आणि ती सतत डोलत असते. मग तिला आकार आहे असे म्हणायचे तरी कसे? माझे उत्तर असे की आकार म्हणजे एकच गोठलेली घडी, ही अट प्रथिनांवरून उचललेली आहे आणि ती येथे लावण्याचे कारण नाही. शर्करांचा आकार अनेक जवळजवळच्या ठेवणींचा समूह असतो, पण तो समूह मोकाट नसतो. याचा निवाडा शरीर स्वतःच करते. ए आणि बी रक्तगटांत लाल पेशींवरच्या साखळीच्या टोकाला फरक असतो तो एका शर्करेच्या दुसऱ्या कार्बनवरच्या गटाचा. तेवढा फरक ओळखून शरीर विजोड रक्त नाकारते आणि त्यात माणूस दगावू शकतो. 1952 मध्ये मुंबईत वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्याचा शोध लावला, त्या बॉम्बे रक्तगटात साखळीवरचा फ्युकोजचा एकच रेणू बसवला गेलेला नसतो. तेवढ्यामुळे त्या व्यक्तीला ओ गटाचे रक्तही चालत नाही. कॅनडात रेमंड लेम्यू यांनी याच रक्तगटांच्या शर्करांचा अभ्यास करून दाखवले की पाण्यातही त्यांना ठरावीक ठेवण पसंत असते. हेपरिनमध्ये रक्त गोठणे रोखणारी जागा पाच शर्करांची असते. तिच्यातले एक कडे खरोखरच दोन ठेवणींमध्ये हेलकावे खाते, आणि रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाला भेटल्यावर त्यातली एक धरते. या पाच शर्करांवरूनच फोंडापॅरिनक्स हे औषध प्रयोगशाळेत बनवले गेले. कोविडच्या विषाणूच्या काट्यातल्या तीन प्रथिनसाखळ्यांपैकी प्रत्येकीवर शर्करा बसण्याच्या 22 जागा आहेत. 2020 मध्ये संगणकीय अभ्यासात दिसले, की त्यांतल्या दोन जागांवरच्या शर्करा नुसते पांघरूण घालत नाहीत, पेशीला चिकटणारा भाग उघडा ठेवण्यासाठी त्याला आधार देतात. डोलणाऱ्या साखळ्यांना आकार नसता तर असा आधार त्या देऊच शकल्या नसत्या.

तिसरा आक्षेप माझ्या प्रतिपादनालाच मर्यादा घालतो, आणि तो मी मान्य करतो. सांधाच सर्व काही ठरवतो असे म्हटले, तर कापसाच्याच बाबतीत अडचण येते. जॉन मर्सर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कापूस दाट कॉस्टिक सोड्यात बुडवला, आणि तो रंग अधिक चांगला धरू लागला. मर्सराइज्ड कापड म्हणतात ते हेच. त्यात एकही सांधा तुटत नाही, पण फितींची रचना कायमची बदलते : झाडातल्या सेल्युलोजमध्ये सगळ्या साखळ्या एकाच दिशेला तोंड करून असतात, सोड्यातून बाहेर आल्यावर त्या परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. ही दुसरी रचनाच अधिक स्थिर असते. मग झाड पहिली रचना बनवते कशी? पेशीच्या आवरणावरची विकरे शेजारी शेजारी बसून अनेक साखळ्या एकाच वेळी, एकाच दिशेला बाहेर सोडतात, म्हणून. म्हणजे एका साखळीचा आकार सांधा ठरवतो, पण साखळ्यांची एकमेकींशी बैठक त्यांच्या जन्माच्या रीतीवर आणि त्यांच्या भोवतालावर अवलंबून असते. सांध्यानेच साखळी सैल सोडली तर काय होते, हे साखर कारखान्यांना चांगले ठाऊक आहे. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की ल्युकोनोस्टॉक जिवाणू त्यातल्या साखरेपासून डेक्स्ट्रान बनवतात. त्यातला पहिल्या आणि सहाव्या कार्बनमधला सांधा एका जादा बंधामुळे फार मोकळा असतो, म्हणून साखळी पाण्यात पसरते, रस घट्ट होतो आणि साखरेचे दाणे लांबट, सुईसारखे वाढू लागतात.

अलीकडच्या काळात या विचाराची दिशाच उलटली आहे. पूर्वी निसर्गातल्या साखळीचा आकार शोधला जाई. आता हवा तो आकार ठरवून साखळी रचता येते. 2023 मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या माक्स प्लांक संस्थेतल्या मार्टिना डेलबियान्को यांच्या गटाने सेल्युलोजसारखे दोन ताठ तुकडे रक्तगटांच्या शर्करांच्या धर्तीवरच्या एका वळणाने जोडले, आणि ती साखळी पाण्यात केसांच्या आकड्यासारखी मधोमध दुमडलेली आढळली. निसर्गात ही साखळी कोठेही नाही. प्रथिनांच्या घड्यांचे भाकीत करणारी संगणकीय साधने आज शर्करांच्या बाबतीत फार मागे आहेत. याचे एक मोठे कारण म्हणजे शिकण्यासाठी लागणाऱ्या रचनांचा साठाच तुटपुंजा आहे. डेलबियान्को यांच्यासारख्या शुद्ध, ठरवून बनवलेल्या साखळ्या एकेक करून तो साठा वाढवत आहेत. आकार शोधायचा असो की रचायचा, सुरुवात सांध्यापासूनच करावी लागते, म्हणून पुढील प्रकरणांचा क्रम सांध्यावरून लावला आहे : आधी बीटा, मग अल्फा, मग तिसऱ्या व सहाव्या कार्बनचे सांधे, आणि शेवटी या सगळ्यांचे मिश्रण असलेल्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या साखळ्या. तिथे पोहोचेपर्यंत वाचकाच्या हाती कोनांची पुरेशी ओळख असेल, आणि अमुक साखळी पाण्यात विरघळेल की नाही, गोठेल की नाही, याचा अंदाज त्याला प्रयोगाचा निकाल वाचण्याआधी स्वतःच बांधता येईल.